डोंबिवलीतलं एक न्यूबॉर्न शूट: पाऊस, धोतर आणि दोन आज्या

"घरीच न्यूबॉर्न शूट करायचंय, काय काय तयारी करून ठेवू" असा मेसेज मला सतत येतो, कारण नवजात बाळांचे फोटो काढणं हेच माझं काम, आणि सोबत बहुतेक वेळा एक स्क्रीनशॉट असतो, टोपलीत झोपलेलं बाळ, डोक्यावर फुलांचा बँड, खाली पांढरी फर. तयारी म्हटलं की लोक सरळ खरेदीलाच लागतात. माझ्या मते खरेदी हा यातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग आहे, बाळाची आंघोळीची-दुधाची वेळ, घरातली एक बरी खिडकी आणि घरातली माणसं एवढं जुळवून घेतलं की बरंचसं शूट तिथेच झालं. हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून एक अख्खी केस लिहून काढतेय, कारण या एकाच घरात जवळपास सगळं काही निघालं. घरच्यांना विचारून लिहितेय, नावं नाहीत, ओळख पटेल अशा एकदोन गोष्टी बदलल्यात.

तर घर डोंबिवली पूर्वेला, तिसरा मजला, वन बीएचके. बाळाच्या आईचं माहेर. दुसरं बाळंतपण, सिझेरियन, मुलगी झाली, जन्माचं वजन २ किलो ९०० ग्रॅम. घरात बाळाची आई, तिचे आईवडील (पुढे आजी-आजोबा म्हणते ते हेच), मोठी मुलगी साडेतीन वर्षांची (इथून पुढे तिला ताई म्हणते, घरात सगळे तेच म्हणायला लागले होते आणि तिला ते अजिबात आवडत नव्हतं), आणि साताऱ्याहून बारशाला आलेल्या सासूबाई, ज्या बारसं झाल्यावर "अजून चार दिवस राहते की" म्हणून राहिल्या. बाळाचे बाबा पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवार ये-जा. महिना जुलै, म्हणजे पाऊस धरूनच चला.

तारीख कशी हलली

बुकिंग आठव्या महिन्यातच झालं होतं आणि ठरलं होतं सातव्या ते दहाव्या दिवसात कधीतरी. हा आकडा आमच्या धंद्यात सगळीकडे चालतो आणि त्याला कारण आहे, पहिल्या दोन आठवड्यांत बाळ हातपाय पोटाशी घेऊन गाढ झोपतं, उचललं-ठेवलं तरी सहसा उठत नाही, आणि पुढे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून बऱ्याच बाळांच्या गालांवर बारीक पुरळ येतं, संध्याकाळचं रडणं वाढतं.

पण तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसायला लागलं, रक्त तपासलं तर बिलिरुबिन, म्हणजे काविळीत अंग पिवळं करणारं रक्तातलं द्रव्य, वाढलेलं, मग दोन दिवस निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी आणि अंगावर फक्त लंगोट. नवजात बाळाची कावीळ अगदी कॉमन आहे, पूर्ण दिवसांच्या बाळात साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि मग उतरत जाते, पण त्या घरात ते दोन दिवस कसे जातात हे बघितलेल्यांनाच माहीत. रात्री अडीचला बाळाच्या आईचा मेसेज, शूट पुढे गेलं तर ॲडव्हान्स जातो का. नाही जात. बाळंतपणाच्या आधी घेतलेली तारीख ही फक्त अंदाज असतो, आणि जो फोटोग्राफर अशा वेळी तारीख बदलायचे पैसे मागतो त्याच्याकडे जाऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे.

सहाव्या दिवशी सगळे घरी आले. पाचवी हॉस्पिटलमध्येच गेली होती त्यामुळे आजींनी सहाव्या दिवशी संध्याकाळी सटवीची पूजा घातली, पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवून, आणि मला फोनवर सांगितलं की दहा दिवस सोयर आहे, तोवर बाहेरचं कुणी नको, बाराव्याला बारसं, मग बघू.

इथे बाबांचा फोन आला. त्यांचं म्हणणं, अकराव्या दिवशी उरकू, बारशासाठी घर सजवलेलं असेलच, फुलं, पाळणा, सगळं डेकोरेशन आयतं मिळेल. ऐकायला बरोबर वाटतं पण बारशाच्या आदल्या दिवशी कुठल्याही मराठी घरात जाऊन बघा, गॅसवर मोठं पातेलं, दर दहा मिनिटांनी बेल, घुगऱ्यांचे हरभरे भिजत घातले का यावर चर्चा, आणि बाळाची आई सगळ्यांना "या ना, बसा" म्हणत टाक्यांवर हात धरून उभी. मी नाही म्हटलं. बारशाच्या दुसऱ्या दिवशीही नाही, कारण बारशाला बाळ चाळीस जणांच्या हातांतून फिरतं, कुर्रर्र होतं, माइकवर गाणी होतात, आणि ती रात्र आणि पुढचा दिवस बाळ त्याचा हिशोब चुकता करतं.

चौदाव्या दिवशी डॉक्टरांकडे दाखवायचं होतंच, तर ठरवलं की वजन आणि कावीळ दोन्ही बघून घ्या आणि पंधराव्याला शूट. बाबा घाबरले, "चौदा दिवसांनंतर होत नाही म्हणे." असं काही नसतं. चौदाचा आकडा मुख्यतः त्या मुटकुळं करून झोपवलेल्या पोझसाठी आहे. त्या नसतील करायच्या तर विसाव्या दिवशीही शूट छान होतं, उलट बाळ डोळे उघडून जास्त वेळ बघतं. आणि दूध नीट सुरू झालेलं बाळ हे शांत बाळ असतं. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं आणि साधारण दोन आठवड्यांत परत जन्माच्या वजनावर येतं. हिचं घरी जाताना २ किलो ६८० होतं, चौदाव्या दिवशी २ किलो ९५०, पिवळेपणा फक्त चेहऱ्यावर थोडासा राहिलेला, डॉक्टर म्हणाले काही काळजी नाही. माझ्यासाठी हिरवा कंदील तो.

घराचा व्हिडिओ

शूटच्या दोनतीन दिवस आधी मी घरच्यांकडून एक व्हिडिओ मागवते, घर आवरू नका, सकाळी साडेदहाच्या सुमाराला सगळे लाइट बंद करून फोन फक्त गोल फिरवा. या व्हिडिओत मला जे कळतं ते तासभराच्या फोनवर कळत नाही.

हॉलला मोठी खिडकी होती पण भिंत केशरी, म्हणजे पेंटवाल्यांच्या कार्डावर काय नाव असेल ते असो, भडक केशरी. आणि खिडकीसमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी, त्यावर लंगोट, दुपटी, झबली, कारण पावसाळ्यात लंगोट वाळवणं हाच घरातला सगळ्यात मोठा उद्योग असतो. लंगोट काढता येतील, भिंतीचं काय. रंगीत भिंतीवर पडलेला उजेड तोच रंग घेऊन बाळाच्या अंगावर येतो, आणि हे बाळ आधीच थोडं पिवळं, त्यात केशरी भिंत, त्यात ट्यूबलाइटचा हिरवट पांढरा, मग एडिटिंगमध्ये एक गाल नीट केला की दुसरा बिघडतो. हॉल बाद.

बेडरूम छोटी, क्रीम रंगाची, एक खिडकी उत्तरेला. पुस्तकी नियम असा की उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन येत नाही, मऊ उजेड मिळतो. पण हा नियम आपल्याकडे बारा महिने चालत नाही. मुंबई-ठाणे १९ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्यसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतून चक्क तिरकं ऊन आत येतं. ढग असले तर प्रश्नच नाही, पण पावसाची उघडीप झाली की पाच मिनिटांत पलंगावर कडक पट्टा. त्याला खिडकीवर काहीतरी पांढरं, पातळ लागतं. आजोबांचं जुनं धोतर. धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं की आजींनी त्यातल्या एकाची दुपटी आधीच केली होती, दुसरं आम्ही पडद्याच्या रॉडवर क्लिपा लावून टांगलं. बाजारात यासाठी डिफ्यूजर मिळतात, मी वापरते पण, पण त्या धोतरापुढे काही नाही.

पलंग बॉक्सचा, आतमध्ये गाद्या, पितळेची भांडी, बहुतेक अर्धा संसार, तो हलणार नव्हता. म्हणून पलंगाची जी कड खिडकीजवळ येते तिथेच जागा केली, बाळ अशा बेतानं की डोकं खिडकीच्या बाजूला थोडं तिरकं येईल. हे एवढं एक जर घरच्या घरी मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांनी लक्षात ठेवलं तरी फोटो कुठल्या कुठे जातील: उजेड बाळाच्या डोक्याकडून पायाकडे उतरला पाहिजे. पायाकडून आला तर नाकपुड्या आणि हनुवटीची खालची बाजू उजळते आणि डोळ्यांच्या जागी काळं, आपण लहानपणी लाइट गेल्यावर हनुवटीखाली बॅटरी धरून भूत व्हायचो तसं.

आंघोळीवर सगळं अवलंबून

बाबांनी वेळ काढली होती सकाळी आठची, सकाळचा उजेड छान असतो म्हणून. मी आजींना फोन लावला.

"आजी, बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाई किती वाजता येतात?"

"म्हणते साडेनऊ, येते दहाला. पाऊस असला तर अकराही होतात बाई."

"आंघोळीनंतर किती झोपते?"

"दोन-अडीच तास हूं नाही की चूं नाही. अगं तेव्हाच तर मी दोन घास खाते."

झालं, हेच हवं होतं. परदेशातले फोटोग्राफर बाळ झोपवायला हीटर, आवाजाचं मशीन, अर्धा अर्धा तास डोलवणं असं काय काय करतात, आणि आपल्याकडे मालिश, गरम पाणी आणि पोटभर दूध यानंतरची झोप रोज आयती मिळते, फक्त आपण त्या वेळेला तिथे असायला हवं. आठ वाजता गेले असते तर आंघोळीआधीचं भुकेलं, किरकिरं बाळ मिळालं असतं आणि ऐन गाढ झोपेच्या वेळी मी सामान आवरून निघाले असते.

आजींशी बाकीचंही ठरवून घेतलं. मालिश नेहमीसारखं, पण त्या दिवशी चेहऱ्याला तेल नको, कारण खिडकीच्या उजेडात तेलकट कपाळ आणि नाक चमकतं. डोळ्यांत काजळ नको, ते त्यांना डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, काजळात शिसं असू शकतं आणि बाळाच्या डोळ्याला इन्फेक्शनची भीती असते. धुरी बाळाला देत नव्हत्याच, फक्त लेकीच्या केसांना, ओवा आणि बाळंतशोपा टाकून, तर म्हटलं ती हॉलमध्ये आणि बेडरूमचं दार लावून, धूर बाळाच्या श्वासात जाऊच नये. आणि हातातल्या मनगट्या, पायातले वाळे, कमरेचा करगोटा हे सगळं आंघोळीच्या आधी काढायचं आणि मी सांगेपर्यंत घालायचं नाही. हे शेवटचं ऐकून आजी जरा थबकल्या. कारण सांगितलं, एवढ्याशा मनगटावर काळ्या मण्यांची नक्षी उमटते आणि ती तास-दीड तास जात नाही, फोटोत ते वळ दिसतात. मग पटलं. शेवटच्या फोटोंत सगळं घालू या अटीवर.

तीट हा वेगळा विषय, तो सासूबाईंच्या अखत्यारीत. त्यांना कपाळाच्या मधोमध चांगली ठसठशीत हवी होती, परकं माणूस कॅमेरा घेऊन येणार म्हणजे दृष्ट लागणारच. मी या वादात कधी पडत नाही, नवस-दृष्टीवर माझं मत काय हे कुणी विचारलेलं नसतं. तोडगा असा निघाला की आधी तीट तळपायाला, आणि शेवटच्या सेटला कुंची घातली की गालावर. त्यांनीच सुचवलं, मी आपली मान डोलावली.

काय वापरलं, काय नाही

बाबांनी ऑनलाइन एक पार्सल मागवलं होतं. त्यात बॅटरीवरची दिव्यांची माळ, पिसांचे पंख, मोत्यांचा हेडबँड आणि चंद्राच्या आकाराचं प्लॅस्टिकचं टब. बिचाऱ्यांनी हौसेनं आणलं होतं त्यामुळे प्रत्येक वस्तू हातात घेऊन सांगितलं. माळेतली बटण सेलची डबी बाळाजवळ नकोच, आणि घरात साडेतीन वर्षांची मुलगी आहे, तिनं बटण सेल गिळणं म्हणजे थेट इमर्जन्सी. पंखांची पिसं गळत होती. हेडबँडचे मोती नुसते गमनं चिकटवलेले, नखानं ओढला तर एक निघालाच. चंद्र पलंगावर ठेवून बोटानं ढकलला तर आडवा झाला. हे करून दाखवल्यावर वाद उरत नाही.

त्यांच्या स्क्रीनशॉटमध्ये ती प्रसिद्ध पोझही होती, दोन्ही हातांवर हनुवटी टेकवून बसलेलं बाळ. ती पोझ खरी नसते हो. एका फोटोत कुणीतरी बाळाचं डोकं धरलेलं असतं, दुसऱ्या फोटोत मनगटं धरलेली असतात, आणि कॉम्प्युटरवर दोन्ही जोडून हात पुसून टाकलेले असतात. नवजात बाळ स्वतःचं डोकं तोलू शकत नाही. घरी कुणी हे करून बघू नका, आणि मी तर जोडूनसुद्धा करत नाही, मला तो फोटोच आवडत नाही.

सासूबाईंना बाळ पितळेच्या परातीत हवं होतं. पितळ गार लागतं आणि परात गादीवर डुगडुगते, म्हणून नाही म्हटलं, तर त्या लगेच म्हणाल्या, मग सुपात घेऊ, आमच्याकडे सुपात घालतातच. सूप म्हणजे एकदम मस्त, सपाट, उथळ, कुठे कलंडायचा प्रश्न नाही. सगळ्या कडेवरून हात फिरवून बांबूच्या चिपा बघितल्या, एक टोचरी निघाली ती कापली, आत चौघडी गोधडी. गोधडी आजींच्या आईच्या नऊवारीची, जांभळट, टाके बारीक. खाली मेणकापड, कारण बाळ उघडं असताना काय होणार हे सगळ्यांना माहीत असतं (आणि झालंच).

बाळाच्या आईनं फोनवरच सांगितलं होतं की तिचा चेहरा फोटोत नको. अंगावर सूज, डोक्याला स्कार्फ, कानांत कापूस, झोप नाही. बऱ्याचदा फोटोग्राफर अशा वेळी "अगं नंतर पस्तावशील" असं म्हणतात, मला ते बरोबर वाटत नाही. आधीच बाळंतिणीला घरातला प्रत्येक जण काहीतरी सांगत असतो. तिला फक्त विचारलं की हात, खांदा, पदर चालेल का, चालेल म्हणाली. साधी सुती साडी किंवा एकरंगी फीडिंग गाऊन, नखांना रंग असला तर असू दे. सिझेरियनचे टाके असल्यामुळे जमिनीवर बसणं, वाकणं काही नाही, पाठीला टेकू असलेली खुर्ची आणि मांडीवर उशी, बाळ तिच्याकडे येईल, ती बाळाकडे जाणार नाही.

ताईची सर्दी

शूट शनिवारी, आणि गुरुवारी रात्री फोन, ताईला सर्दी-खोकला. प्लेग्रुपमधून आणलेला, पावसाळ्यात कुठल्या घरात नसतो. बाबांना दोघींचा एकत्र फोटो हवा होता, सगळ्या शूटमध्ये तोच एक फोटो त्यांनी स्वतः मागितला होता. पापा घेताना, मांडीवर घेऊन.

मी स्पष्ट सांगितलं की तो फोटो शनिवारी होणार नाही. मोठ्यांची साधी सर्दी एवढ्या लहान बाळाला साधी राहीलच असं नाही, नाक चोंदलं की दूध ओढता येत नाही, आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर घरी वाट न बघता डॉक्टरच गाठायचा असतो. एका फोटोसाठी हे कशाला. मी स्वतः सर्दी असली तर शूट पुढे ढकलते, मग घरातल्या मुलीला वेगळा नियम का.

पण ताईला नुसतं "तू लांब राहा" म्हणणं म्हणजे त्या बाळाचा राग करायला कारणच देणं. म्हणून तिला काम दिलं, बाळ कशात गुंडाळायचं ते दुपटं तिनं निवडायचं. तिनं हत्तीचं निवडलं. ते रंगानं भडक होतं, माझ्या हिशोबात अजिबात बसत नव्हतं, वापरलं. आणि शूटच्या वेळी आजोबांनी तिला खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे नेलं.

शनिवार

सकाळपासून धो धो. बाई पोचल्या पावणेअकराला, रस्त्यात गुडघाभर पाणी. बाळ तोवर भुकेनं रडून लाल, पण आंघोळीआधी पोटभर नको म्हणून थोडंसं पाजलेलं.

आंघोळीचे फोटो ठरलेले नव्हते पण बाईंना विचारलं, काढू का, त्या म्हणाल्या काढा, माझं तोंड नका येऊ देऊ. बाथरूममध्ये पाटावर बसल्या, साडी गुडघ्यापर्यंत खोचली, दोन्ही पाय लांब, बाळ नडग्यांवर, डोकं त्यांच्या पावलांकडे. पाण्यात आधी कोपर बुडवून बघितलं, मग हात. डोक्यावर तांब्या ओतताना डाव्या हाताची बोटं जुळवून बाळाच्या कपाळावर आडवी धरली, पाणी त्या बोटांवरून दोन्ही बाजूंना वाहून गेलं, डोळ्यांत थेंब नाही. बाळ रडायचं थांबून नुसतं बघत होतं. वर एकच पिवळा बल्ब, कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, ६४०० वर, त्यामुळे नॉइज (फोटोतले दाणे) भरपूर, रंग वाईट. ते फोटो मी ब्लॅक अँड व्हाइट केले आणि माझ्या मते त्या दिवसातले ते सगळ्यात चांगले फोटो.

मग दूध, ढेकर, उचकी, परत दूध. या सगळ्यात कॅमेरा बाजूला. फोटोग्राफर घड्याळ बघायला लागला की बाळाची आई ताणात येते आणि मग दूधही नीट येत नाही. सव्वाबाराला बाळ झोपलं. पंखा बंद, खोली गरम, मला घामाच्या धारा, पण बाळ उघडं असेल तर खोलीचं माप बाळाचं, आपलं नाही. हातपाय जरा निळसर वाटले की लगेच दुपटं.

धोतराच्या तुकड्यात गुंडाळायला आजी पुढे आल्या, त्यांनी सवयीनं बाळाचे पाय सरळ करून आवळले. ते मी सोडवलं, कारण पाय जबरदस्तीनं सरळ बांधले तर खुब्याच्या सांध्याला त्रास होऊ शकतो, कमरेखाली सैल हवं, पाय बेडकासारखे वाकून बाजूला पडले पाहिजेत. आजी म्हणाल्या, आमची मुलं नाही का चालली. चालली. तरी सैल ठेवलं. वरचे हात मात्र नीट आत, नाहीतर बाळ दचकलं की हात फेकतं आणि स्वतःच्याच हातानं जागं होतं. गुंडाळून ठेवल्यावर मिनिटभर छातीवर तळवा ठेवून बसायचं, मग हळूच एकेक बोट उचलायचं. बाबांना बाळापासून एका हाताच्या अंतरावर बसवलं, त्यांचं काम फक्त तेवढंच, हलायचं नाही, मोबाइल नाही.

साडेबाराला लाइट गेली. हॉलमधून दोन्ही आज्यांचा एकदम आवाज, अरे देवा. मला काहीच फरक पडला नाही, दिवे बंदच होते. फरक पडला तो ढगांनी, खोली इतकी अंधारली की धोतर काढून टाकलं, आयएसओ ८०० वरून ३२०० वर नेला, शटर सेकंदाच्या सव्वाशेव्या भागावर. फ्लॅश बाळाच्या चेहऱ्यावर मारत नाही. त्यानं डोळे जातात असं नाही, पण बाळ डोळे घट्ट मिटून घेतं आणि खिडकीच्या उजेडाचा सगळा मऊपणा जातो.

सुपातले झाले, हत्तीच्या दुपट्यातले झाले, पायाच्या बोटांचे, कानावरच्या लवेचे, गळलेल्या नाळेच्या जागेचे (नाळ नवव्या दिवशी पडली होती), आईच्या तळव्यावर ठेवलेल्या मुठीचे. शेवटी कुंची, वाळे, मनगट्या आणि गालावर तीट, आणि नेमकी तेव्हाच बाळानं जाग येऊन डोळे टक्क उघडले. एवढ्या बाळाला वीतभर अंतरावरचंच नीट दिसतं, म्हणून आईला खुर्चीत बसवून बाळ तिच्या चेहऱ्यासमोर दिलं आणि मी आईच्या खांद्यामागून काढले. आईचा चेहरा कुठल्याच फोटोत नाही, ठरल्याप्रमाणे. दोनला आवरलं. आत आल्यापासूनच्या तीन-चार तासांत कॅमेरा खरा चालला असेल अर्धा-पाऊण तास.

नंतरचं

एडिटिंगमध्ये पिवळेपणा थोडा उतरवला, कारण तो तात्पुरता होता. आजींचा फोन आला, "जरा उजळ कर ना गं, ताई किती गोरी होती या वयात." हे मला दर दोन-तीन घरांत ऐकायला मिळतं. कावीळ कमी करते, नखाचा ओरखडा काढते, रंग बदलत नाही. आजी जरा नाराज झाल्या, असू दे.

फोटो कुठे टाकायचे यावर सासूबाईंचा निकाल असा की सव्वा महिना होईपर्यंत कुठेही नाही, स्टेटसलाही नाही. बाबांनी कुरकुर केली पण ऐकलं. माझ्या पेजवर टाकायचे असतील तर मी दोन्ही पालकांकडून लेखी घेते, इथे बाळाच्या आईनं फक्त पायांचा आणि सुपाचा दिला, चेहरा असलेले नाही. हॉस्पिटलचा टॅग, जन्मवेळ-वजन लिहिलेली पाटी असलं काही फोटोत ठेवूच नका असं मी तसंही सांगते, ती माहिती सगळ्या जगाला कशाला. पार्सलमधल्या वस्तू परत गेल्या, एक दिव्यांची माळ सोडून, ती गणपतीच्या मखराला ठेवलीय म्हणे.

दोघी बहिणींचा फोटो राहिला होता तो ताईचा खोकला पूर्ण गेल्यावर काढला, तासाभराची फेरी. मांडीवर नाही. साडेतीन वर्षांचं मूल कधीही उठून पळतं. ताईला पलंगावर उताणं झोपवलं, बाळ गुंडाळून तिच्या शेजारी, डोकी जवळजवळ, मध्ये बाबांचा हात तयार, आणि मी स्टुलावर उभी राहून वरून, कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन. हात धुवून पापा घ्यायची परवानगी होती, तोही डोक्यावर. तिनं नाही घेतला. बाळाच्या कानात काहीतरी सांगितलं, काय ते कुणालाच सांगितलं नाही, आणि मग म्हणाली आता माझा एकटीचा काढ, सुपात बसून. काढला.